दाजी डॉक्टरांचा हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. मोरघळमध्ये विचारलंत तर सांगतील, "वडाला पार नव्हता तवाची." तर तेव्हाची.

मोरघळ गाव डोंगराच्या कुशीत, घाटाच्या अलीकडे. गावात डॉक्टर नव्हता. दुखलंखुपलं की देवऋष्याचा अंगारा, आणि त्यानं नाही भागलं तर नशिबाला बोल. अशा गावात तात्या शेलारांचा जावई दिवाळसणाला आला. सदाशिव निकम त्याचं नाव, नुकताच डॉक्टर होऊन बाहेर पडलेला. चार दिवस पाहुणचार घ्यावा, सासऱ्याकडून अंगठी घ्यावी आणि बायकोला घेऊन शहराचा रस्ता धरावा, असा त्याचा बेत होता. पण पाडव्याच्या दिवशी शेजारची सून अडली. जावई भरल्या ताटावरून उठला, हात धुतले आणि धावला. बाळबाळंतीण सुखरूप सुटली. असं म्हणतात, की ते बाळ रडायच्या आधी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर तात्यांचा सोपा माणसांनी भरलेला. कुणाचा डोळा, कुणाचा गुडघा, कुणाचं पोर तापानं फणफणलेलं. जावई परत जायचं नाव काढीना. खरं म्हणजे गाव काढू देईना. गावच्या लेकीचा नवरा, म्हणून सगळे त्याला दाजी म्हणू लागले. ऐंशीच्या घरातली म्हातारीसुद्धा दाजी म्हणायची, आणि दाजी म्हटलं की थट्टा आलीच. "दाजी, सण कवा संपायचा तुमचा?" असं त्याला चावडीवर बसलेले लोक शेवटपर्यंत विचारत राहिले.

दवाखाना वाढत गेला. आधी सोपा पुरेना, मग तात्यांनी म्हशी परड्यात हलवल्या आणि गोठा सारवून दिला. मग गोठाही पुरेना. तेव्हा गावानं नदीतला दगड वाहिला, सुतारांनी दारं दिली, आणि गोठ्याला लागून दोन खोल्या उभ्या राहिल्या. डोंगरापलीकडच्या वाड्यांतून लोक झोळीत रोगी घालून आणू लागले.

आणि दाजींच्या हाताचा बोलबाला झाला. असं म्हणतात, की दाजींनी कपाळावर हात ठेवला की निम्मा ताप तिथंच उतरायचा. असं म्हणतात, की त्यांनी नुसती बाटली हातात धरली तरी आतलं औषध गोड व्हायचं. औषध काय, कुणीही देईल. पण हाताला गुण पाहिजे, आणि तो गुण एकट्या दाजींच्या हाताला, हे मोरघळच्या लेकराबाळांनाही पाठ होतं.

पुढं शहरातल्या मोठ्या कॉलेजानं आपले शिकाऊ डॉक्टर दाजींकडे धाडायला सुरुवात केली. खेड्यातलं दुखणं कसं असतं, एकाच घरातल्या आजीला, सुनेला आणि नातवाला एकानंच कसं बघायचं, ते शिकायला. गोठ्यात राहायची ती मुलं, म्हणून गावानं त्यांचं नाव ठेवलं, दाजींची वासरं. वासरांना गाव जीव लावायचं. भाकरी द्यायचं, दही द्यायचं, पोहायला शिकवायचं. नाडी मात्र द्यायचं नाही.

म्हणजे अगदीच नाही म्हणायचं नाही. वासरानं तपासलं, औषध दिलं, की माणूस बाटली घेऊन मुकाट बाहेर पडायचा आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं दाजींच्या जेवणाच्या पानापाशी हजर.

"दाजी, जरा हात लावा की हिला."

आणि दाजी लावायचे. नको कशाला म्हणा, त्यांना वाटायचं. बरंही वाटायचं, खोटं कशाला बोला. माणूस कितीही मोठा झाला तरी आपल्यावाचून कुणाचं अडतं, हे ऐकायला त्याला गोडच लागतं. अंजनाक्का, म्हणजे त्यांची बायको, ताटात कालवण वाढता वाढता म्हणायची, "सगळ्या गावाला लाडावून ठेवलंय तुम्ही. उद्या तुम्ही नसल्यावर काय बाटल्या घेऊन मसणात यायचं व्हय त्यांनी?"

दाजी हसायचे. वासरं यायची, हिरमुसायची आणि मुदत संपली की दावं तोडून पळायची. एकही टिकलं नाही.

मग एका साली हेमलता बिडकर आली. सांगलीकडची पोर, अंगानं किरकोळ, कानाला नळी लावली की जगाचं भान विसरणारी. दाजींनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं, हिच्या हाती दवाखाना देऊन आपण डोळे मिटायला हरकत नाही. पण तिच्या हाती गाव मनगट द्यायला तयार नव्हतं, आणि दाजींचा जीव तिथं अडकला.

त्याच हिवाळ्यात दाजी दूरच्या लग्नाला गेले आणि पावण्यांनी त्यांना आग्रहानं ठेवून घेतलं. मागे गावातल्या म्हाताऱ्या कोंडाबाईला खोकला झाला. हेमलतानं तिला तपासलं आणि औषध दिलं. दाजी परतले तेव्हा कोंडाबाई अंथरुणाला खिळलेली, धाप लागलेली. आणि औषधाची बाटली कोनाड्यात, देवाशेजारी, हळदकुंकू वाहिलेली, बूच न काढलेली.

"तुमची वाट बगत हुती," ती म्हणाली. "तुमचा हात लागल्याबिगर कशी घिऊ?"

दाजींनी स्वतः तिला औषध पाजलं. म्हातारी चिवट, वाचली. पण त्या दिवसापासून दाजींना अन्न गोड लागेना. बाटल्यांना हात लावलावून आपण हे काय करून बसलो, असं त्यांच्या मनानं घेतलं. तिकडे हेमलता कपड्यांची पिशवी भरत होती.

"थांब," दाजी म्हणाले.

"कशासाठी थांबू, दाजी? माझं औषध इथं देव्हाऱ्यात बसतं. पोटात जात नाही."

 याचं उत्तर मिळालं ते दाजींच्याच छातीतून. असं म्हणतात, की दाजींनी आजार मुद्दाम बोलावून घेतला. काही म्हणतात, लग्नातल्या थंडीनं गाठलं. काही असो, दोन दिवसांत दाजी तापानं भाजून निघाले आणि श्वासाबरोबर छाती वाजू लागली. न्यूमोनिया.

गाव अंगणात लोटलं. यशवंता पाटलांनी तालुक्याला न्यायला बैलगाडी जुंपून आणली, आत गवताची गादीसुद्धा घातली. हेमलतानं छाती ऐकली आणि सरळ सांगितलं, "तिथं जे इंजेक्शन देतील तेच माझ्याकडे आहे. घाटातले हिसके मात्र यांना सोसायचे नाहीत. तरी निर्णय तुमचा."

"दाजी, जिवाशी खेळू नगासा," पाटील म्हणाले. "उठा, गाडीत बसा."

दाजींनी मान हलवली. "गाडी सोडा, पाटील. औषध घेईन तर हिच्याच हातचं."

मग गावानं काय करावं? सगळ्यांनी मिळून तोडगा काढला. हेमलतानं स्टोव्हवर सुई उकळून घेतली, औषध भरलं, आणि पाटील हात जोडून पुढं झाले. "बरं ऱ्हायलं. पर त्या सुईला येकदा तुमचा हात तेवढा लावा."

रोग्यानं आपल्याच औषधाला हात लावून गुण द्यायचा! असली तोड मोरघळकरांनाच सुचणार. पण त्या घडीला कुणीही हसलं नाही. सगळ्यांचे डोळे दाजींच्या हाताकडे.

दाजींनी दोन्ही हात वाकळेखाली घातले आणि काही केल्या बाहेर काढले नाहीत.

हेमलतानं सुई दिली. संध्याकाळी ताप तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच. अंगणात कुजबुज वाढली, आणि एकदोघे तिला ऐकू जाईल असं बोलले. पोरगी उंबऱ्याकडे न बघता औषध देत राहिली. तिचे ओठ सुकले होते. अंजनाक्कानं तिच्यापुढं भाकरी ठेवली आणि म्हणाली, "खा. माझं कुंकू तुझ्या हातात हाय, तू उपाशी ऱ्हाऊन कसं चालंल?" तेव्हा कुठं तिनं घास घेतला, आणि घास घेता घेता रडली.

मग एका सकाळी दाजींच्या कपाळावर घाम डवरला. ताप उतरला. असं म्हणतात, की त्याच घटकेला गावातल्या यच्चयावत तापकऱ्यांचे ताप उतरले, आणि आटलेल्या विहिरीला पाणी आलं. विहिरीचं मला ठाऊक नाही. पण पाटलांच्या डोळ्यांना आलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं.

दाजी उन्हाला बसू लागले तेव्हा पहिली आली कोंडाबाई. हातात बाटली.

"दाजी, येवढी..."

दाजींनी हात पुन्हा वाकळेत घातले. म्हणाले, "कोंडाबाई, मी इथं आलो तेव्हा माझ्या हाताला काय होतं? सासऱ्याची अंगठी. तुम्ही माणसांनी न भिता मनगटं दिलीत, तेव्हा कुठं हाताला गुण आला. माझ्या हातात तुम्हीच तो घातलात. आता माझा हात थकला. तिच्या हातात घाला."

कोंडाबाईनं बाटली कमरेला खोचली. मग हेमलताकडे गेली आणि बांगड्या मागं सारून हात पुढं केला.

"काय होतंय, आजी?"

"कुटं काय? बरी हाय. बरी आस्ताना नाडी कशी चालती, ती बगून ठिव. म्हंजी बिगडल्यावर तुला वळखंल."

हेमलतानं नाडी धरली. तिच्यामागं पाटील येऊन उभे राहिले, त्यांच्यामागं त्यांची सून, तिच्या कडेवरचं पोर, आणि दुपारपर्यंत रांग वेशीला टेकली. दाजी वाकळेत हात घालून बघत बसले होते. असं म्हणतात, की त्या दिवशी ते इतके हसले की पुढची दहा वर्षं त्यांना साधी शिंकही आली नाही.

आता ना दाजी आहेत, ना कोंडाबाई. पण मोरघळच्या दवाखान्यात नवा शिकाऊ डॉक्टर आला की त्या दिवशी अजून कुणी कामाला जात नाही. धडधाकट गाव अंघोळ करून, धुतले कपडे घालून येतं आणि एकेक जण नव्या माणसाला नाडी देतं. त्याला म्हणतात, दाजींची नाडी. रांगेत सगळ्यात शेवटी जुना डॉक्टर उभा राहतो.

परवाच्या नाडीला शेवटी हेमलताबाई होत्या, केस पांढरे झालेल्या. समोर कोवळा पोरगा, कपाळावर घाम. त्यानं त्यांचं मनगट धरलं आणि सोडीचना. पुन्हा बोटं सरकवली.

"कशी आहे?" बाईंनी विचारलं.

पोरगा अडखळला. "मधेच एखादा ठोका चुकतोय, मॅडम. तुम्हाला... औषध सुरू करावं लागेल."

बाईंना ते कधीपासून ठाऊक होतं. त्यांनी गावाकडे पाहिलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मग दे की बाबा. तुझ्याच हातचं घेणार."