दर्याला दिलेल्या शेताची कहाणी

ऐका दर्याबाप्पा, तुमची कहाणी. आटपाट खाडी होती. खाडीच्या काठी गाव होतं. गावाला मातीचा बांध होता. बांधापलीकडे खारं पाणी, अलीकडे भाताची शेतं. त्या गावात राही नावाची एक सून होती. तिची सासू बायजा, नवरा हाशा. बांधाला लागून त्यांचं एकच शेत. ते बायजानं आणि तिच्या दादल्यानं चिखल उपसून उपसून खाडीतून काढलेलं. दादला गेला, शेत राहिलं. बायजानं सकाळी उठावं, आधी शेताचं तोंड बघावं, मग माणसांचं.

त्या गावाचा एक वसा होता. पुनव-अवसेला दर्याला उधाण येई. तेव्हा घरटी एक पाटी माती बांधावर टाकावी, दर्याला हात जोडावे, "तू तिकडं, आम्ही इकडं" म्हणावं आणि घरी यावं. वाडवडिलांपासून दर्यानं ऐकलं. मग काय झालं? माणसं पोटामागं नगरात गेली, वसा ढिला पडला. बांधापुढं चिखलात तिवराची झाडं होती, ती सरपणाला गेली. राहीच्या घरानं मात्र वसा सोडला नाही. सासूनं माती खणावी, सुनेनं पाटी वाहावी.

एके वर्षी भादव्यात उधाण आलं. पाणी बांधावरून आत आलं. भात पोटरीला आला होता, तो उभ्या उभ्या करपला. राही म्हणाली, "आत्याबाई, आता काय करावं?" सासू म्हणाली, "माती टाक." राहीनं माती टाकली.

दुसऱ्या वर्षी उधाण आलं. बांधाला खांड पडली, पाणी विहिरीत शिरलं. डाळ शिजेना, तहान भागेना. राही कोसावरून डोईवर पाणी आणू लागली. म्हणाली, "आत्याबाई, आता काय करावं?" सासू म्हणाली, "माती टाक." राहीनं माती टाकली. मान मोडून आली.

तिसऱ्या वर्षी पाणी घरात आलं. मातीची चूल, ती विरघळून गेली. राही म्हणाली, "आत्याबाई, आता काय करावं?" सासू शेताकडं तोंड करून बसली.

हाशा म्हणाला, "आई, ऊठ. नगरात जाऊ. इथं काय राहिलंय?"

बायजा म्हणाली, "तुम्ही जा. मी शेत सोडून यायची नाही."

"राही, तू तरी सांग तिला."

राहीचे खांदे भरून आले होते, हाताची कातडी खाऱ्यानं फाटली होती. तिनं रिकामी पाटी उचलली आणि बांधावर गेली.

दुपार होती. ओहोटी लागली होती. माती खणायला गेली, तर हात उचलेना. मग तिथंच बसली. म्हणाली, "दर्याबाप्पा, आमचं काय चुकलं? नेमानं माती टाकली, नेमानं हात जोडले. तू का उतलास? तू का मातलास?"

तेव्हा चिखलातून एक म्हातारा वर आला. अंगावर शेवाळ, पाय सुजलेले, कपाळ तापलेलं. धापा टाकीत राहीशेजारी बसला. म्हणाला, "बाई, मी दर्या. उतलो खरा, मातलो नाही. लांबलांबच्या नगरांत रात्रंदिवस भट्ट्या पेटतात. त्यांची धग मला लागते. चुलीवर दूध फुगतं, तसा मी फुगतो. डोंगरावरचं बर्फ वितळतं, तेही माझ्याच पोटात येतं. मी तरी कुठं जाऊ?"

राही म्हणाली, "भट्ट्या त्यांच्या, आणि चूल गेली माझी?"

दर्यानं मान खाली घातली. राहीला राग आला. पण रागवायलाही अंगात बळ लागतं. मग तिनं विचारलं, "मागं कधी सरशील?"

"तुझ्या हयातीत नाही."

"मग आम्ही जगावं कसं?"

दर्या म्हणाला, "तुला एक वसा सांगतो. मी उतेन, पण तू घेतला वसा टाकू नको. बांधाकडचं शेत मला दे. मी हिसकून न्यायच्या आधी आपल्या हातानं दे. श्रावणात तिवराचं बी पडतं, ते वेच, त्या शेतात रोव. मागं उंचावर दुसरा बांध घाल. मी येईन, तिवरांत अडखळेन, तुझ्या बांधाशी पोचेन तेव्हा दमलेला असेन. दमलेला पाहुणा घर मोडत नाही."

राही घरी आली. घडलं ते सांगितलं. हाशा म्हणाला, "वेड लागलं तुला." बायजानं विचारलं, "तू त्याला पाहिलंस? कसा दिसत होता?"

राही म्हणाली, "आजारी."

बायजानं कमरेला पदर खोचला. मग म्हणाली, "कुदळ आण."

तिघांनी आधी मागं उंचावर नवा बांध घातला, मग तिघं शेतात गेली. बायजा सगळ्या शेताभोवती फिरली. चिमूटभर माती कपाळाला लावली. राहीनं कुदळ मागितली. बायजा म्हणाली, "नको, पोरी. दुसऱ्या कुणी बांध फोडला तर मला सोसायचं नाही." तिनं आपल्या हातानं बांध फोडला. पाणी हळूहळू आत आलं. तिच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. हाशानं आईला पाठुंगळी घेतलं आणि वर आणलं. त्यानंतर नगराचं नाव त्यानं काढलं नाही.

पहिल्या श्रावणात तिवरं लावली, वाहून गेली. दुसऱ्या श्रावणात लावली, गुरांनी खाल्ली. तिसऱ्या श्रावणात राही म्हणाली, "आता माझ्यानं होत नाही." तेव्हा बायजा काठी टेकीत उठली, बी वेचू लागली. सासू वाकली, मग सून कशी बसेल? शेजारणी हसायच्या, त्याही आल्या. त्या वर्षी तिवरं रुजली.

मग उधाण आलं. तिवरांत अडखळलं, नव्या बांधाला टेकलं आणि परत गेलं. पावसानं विहीर धुऊन निघाली. पाणी अजून किंचित मचूळ, पण डाळ शिजू लागली. बायजाच्या शेतात भात कधी पिकला नाही. तिवरांच्या मुळांत खेकडे, चिंबोऱ्या झाल्या. बायजा टोपली घेऊन जाई आणि कालवणापुरत्या आणी. म्हणे, "शेत अजून घालतंय खायला."

नगरात गेलेले काही आले, काही आलेच नाहीत. भट्ट्या विझल्या नाहीत. दर्या वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढा वर येतोच आहे. राही दर श्रावणात वसा करते. करते, दमते, बसते, पुन्हा उठते.

जसं राहीच्या दारी सोसवेल एवढंच पाणी आलं, तसं तुम्हां-आम्हां येवो. ही साठां भरत्यांची कहाणी पांचां ओहोटींत सुफळ संपूर्ण.