पोस्टरात कुस्ती कुठाय?

“खरं सांगा उस्ताद... नेमकं काय लपवताय माझ्यापासून?”

निवासने पिशवी खांद्याला अडकवूनच विचारलं. उत्तर पटलं नाही, तर तसंच निघायचं.

मिरजेला यासीन उस्तादांकडे तो पोस्टरचं डिझाइन शिकायला आला होता. पण शिकवणं कसलं? कोऱ्या कागदावर काळा चौकोन ठेव. सरकव. कागद कुठल्या अंगाला जड झाला, सांग. पुन्हा सरकव! चांगला माल आतल्या खोलीत आणि गिऱ्हाइकापुढे नुसता नमुना, हा प्रकार निवासच्या घरच्या दुकानात रोजचा. त्याला वास आलाच. त्यात उस्ताद काम करता करता उठायचे, पार भिंतीपर्यंत मागे जायचे आणि डोळे बारीक करायचे. कुणी बघत तर नाही ना, हेच चाचपत असणार!

म्हणून त्याने गुपचूप गावच्या कुस्ती मैदानाचं पोस्टर केलं. पहिलंच. खाली स्वतःचं नाव. आज छापायला गेलं की उस्तादांना रामराम.

“लपवतोय ना,” उस्ताद म्हणाले. “आधी तुझं दाखव.”

पोस्टर भिंतीवर लागलं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, त्यांचे गॉगल, सोन्याच्या साखळ्या, फटाके, गुलाल, आणि हो, पैलवानसुद्धा. कुणी रुसायला नको, म्हणून सगळे सारखेच मोठे.

उस्तादांनी निवासच्या नाकावरचा जाड भिंगांचा चष्मा अलगद उचलला.

“अहो... चष्मा कशाला?”

“नीट दिसावं म्हणून. ठेव बोट. कुस्ती कुठाय?”

“माझंच पोस्टर, पाठ आहे मला!”

पण समोर नुसता रंगांचा काला. तरी त्याने बोट टेकवलं... उस्तादांनी चष्मा परत चढवला.

बोट खजिनदारांच्या गॉगलवर होतं.

“तुम्ही पोस्टर सरकवलंत!”

“मग तूच धर.”

चष्मा पुन्हा काढून, एका हाताने पोस्टर दाबून त्याने बोट ठेवलं. या खेपेला फटाके.

उस्तादांनी शेजारी आपलं कुस्तीचंच एक जुनं पोस्टर टांगलं. निवासने आधी ते उलटं करून मागे काही चिकटवलंय का, ते पाहिलं. मग चष्मा काढला.

बोट थेट पैलवानाच्या मांडीवर. म्हणजे भिंतीपर्यंत मागे जाऊन, डोळे बारीक करून उस्ताद हेच बघायचे!

...

तेवढ्यात फोन वाजला. मैदान कमिटीचे अध्यक्ष. आवाज खोलीभर.

“माझा फोटो ठसठशीत घेतलायस ना रे?”

निवासने पिशवी खाली ठेवली.

“अध्यक्ष... तुमचा फोटो बारीक होईल.”

पलीकडे जो भडका उडाला! काम दुसऱ्याला देतो, गावात पाय ठेव, बघतो. निवासने घाईघाईने फोनवर तळहात दाबला.

“उस्ताद, पहिलंच काम जातंय हातचं! विचारतायत, मी अध्यक्ष असून बारीक का? काय सांगू?”

“विचार त्यांना... तुम्ही मैदानात लढणार कोणाशी?”