नांदुरखडीचे कोपऱ्यातले दार

नांदुरखडीच्या मेथडिस्ट चर्चला दार आहे, पण ते कुठल्याच भिंतीत नाही. उत्तरेची भिंत आणि पूर्वेची भिंत जिथे मिळायला हवी, तिथे कोपराच उघडा आहे. नवा पाहुणा दार शोधत इमारतीला वळसा घालतो, आणि कुणीतरी हसून त्याला कोपऱ्याकडे नेतो. म्हातारे दाविद तूपसुंदर ओट्यावर बसलेले असले, तर गोष्ट तिथेच सुरू होते.

"गवंड्याची चूक नाही बरं का," ते आधीच बजावतात. "गवंडी पक्का होता. चूक आम्हा बाकीच्यांची."

असे सांगतात, की हे चर्च, इथल्या बोलीत देऊळ, बांधायचे ठरले तेव्हा मंडळीत दोन वस्त्यांची माणसे होती. उत्तरेला वरची आळी, पूर्वेला खालची. दोन्ही गावकुसाबाहेरच्या. गावच्या विहिरीवर दोघींनाही मज्जाव, तरी एकमेकींच्या पाण्याला त्या शिवत नव्हत्या. बाप्तिस्मा सगळ्यांनी एकाच घागरीतल्या पाण्याने घेतला होता, आणि घरी जाऊन आपापल्या घागरी वेगळ्याच ठेवल्या होत्या.

भांडण लागले ते दारावरून. दार उत्तरेला ठेवले तर खालच्या आळीने वरच्यांच्या अंगणातून देवाच्या घरी यायचे. पूर्वेला ठेवले तर त्याच्या उलटे. कुणी हटेना. शेवटी वरच्या आळीचे वडीलधारे, मंडळीचे कारभारी हरबाजी म्हणाले, "भिंती तर उठू द्या. दार मागाहून फोडू." ते सगळ्यांना पटले आणि देऊळ बिनदाराचेच वर चढू लागले.

बांधणारा रावजी गवंडी होता, वरच्या आळीचा. त्याचा धाकटा भाऊ भिवा चुना कालवायचा आणि दगड वर द्यायचा. आईबाप लवकर गेलेले, भिवाला रावजीनेच वाढवले. थोरला मोजके बोलणारा. धाकटा म्हणजे कळीचा चुना, जरा पाणी पडले की उसळलाच. शाळेत घातला होता, पण मास्तरांशीच भांडून परत आला.

दार उत्तरेलाच हवे, हे सगळ्यांत मोठ्याने भिवा ओरडायचा.

"दादा, तू आपला का त्यांचा?"

"मी भिंतीचा," रावजी म्हणायचा. "दार ठरत नाही तोवर शिडीनं जाऊ-येऊ. शिडीला आळी नसते."

त्यावर भिवा अबोला धरायचा. ज्या दिवशी ते घडले, त्या दिवशीही त्याने अबोला धरला होता. सकाळची भाकरी दोघांनी पाठीला पाठ लावून खाल्ली.

दुपारी रावजी आतल्या बाजूने सांधे भरायला उतरला होता. परत येताना ओल्या चुन्यावरून शिडीचा पाय सरकला आणि तो आतच दगडांच्या ढिगावर पडला. आवाज ऐकून भिवा भिंतीवर चढला. वरून त्याला दिसले, ते तो पुढे कधी विसरला नाही म्हणे. खालच्या आळीचे मसू आबा पूर्वेकडून भिंत ओलांडून त्याच्या आधीच आत उतरले होते. रावजीचे डोके त्यांनी मांडीवर घेतले होते आणि आपल्या तुंब्यातले पाणी त्याच्या तोंडात घालत होते. रावजी ते पीत होता.

"भिवा, खाली ये, हात दे," मसू आबा म्हणाले. मग चारी भिंतींकडे बघत पुटपुटले, "आज दार असतं तर..." पुढचे त्यांनी गिळले.

बाजेला दोर बांधून रावजीला भिंतीवरून बाहेर काढले. त्यात वेळ गेला. घर येईपर्यंत जीव राहिला नव्हता.

पाळकसाहेब तालुक्याला, त्यांना निरोप जाऊन ते यायचे म्हणजे दोन मुक्काम. उन्हाळ्याचे दिवस. तेव्हा प्रार्थना सुगंधाबाईंनी करायची ठरली. त्या मंडळीच्या बायबलबाई होत्या, घरोघर जाऊन वचन वाचून दाखवणाऱ्या. भिवाने एकच धरून ठेवले, की प्रार्थना देवळात झाली पाहिजे, दादाने बांधलेल्या भिंतींच्या आत.

कुणीतरी म्हणाले, "मग बाज तशीच दोरांनी वरून घेऊ."

"पोतं आहे का माझा दादा?" भिवा ओरडला आणि त्याने पहार उचलली.

हरबाजी जवळ आले. हळूच म्हणाले, "पोरा, भाऊ आपला होता. उत्तरेला फोड. आज कुणी आडवं येणार नाही."

ते खरेच होते. समोर मयत ठेवलेले असताना कोण वाद घालणार? खालच्या आळीची माणसे लांब उभी होती. मसू आबांच्या हातात तो रिकामा तुंबा तसाच होता. हरबाजींचे बोलणे त्यांना ऐकू गेले नसेल, पण भिवा उत्तरेच्या भिंतीकडे निघालेला त्यांनी पाहिला, आणि ते पाठ फिरवून घराकडे वळले.

भिवाने भिंतीला हात लावला. सकाळी बाहेरून भरलेल्या सांध्यातल्या चुन्यावर दादाच्या अंगठ्याचे ठसे अजून ओले होते. इतके दिवस ज्याच्यासाठी घसा फोडला, ते आता एका घावात मिळणार होते. त्याने मागे वळून पाहिले, तर रिकामा तुंबा घेऊन मसू आबा घराकडे चालले होते. मग भिंतीच्या कडेकडेने चालत कोपऱ्यावर गेला आणि तिथे पहार घातली.

"अरे, येडा झालास का?" हरबाजी धावले. "कोपरा फोडतात होय? दोन्ही भिंती अंगावर येतील!"

"येऊ द्या!"

कोपरा गेला की भिंत गेली, हे गवंड्याच्या घरात लहान मूलही जाणते. पण असे सांगतात, की खालचे दगड निघत गेले आणि वरचे जागच्या जागी राहिले, खडासुद्धा पडला नाही. कुणी म्हणतात, देवदूताने खांदा दिला. कुणी म्हणतात, रावजीचे कामच तसे होते. दाविद तूपसुंदर दोन्हीला मान डोलावतात. पहारीचा आवाज ऐकून मसू आबा माघारी आले आणि निघालेला दगड ओढू लागले. त्याच दगडाला दुसरीकडून हरबाजींनी हात घातला.

बाज आत गेली. मंडळी मात्र बाहेरच थबकली. आधी कोणी जायचे? जुनी खोड, ती मयताच्या दिवशीही सुटेना.

मेथडिस्ट मंडळीत आठवड्याला वर्ग भरतो, आणि वर्ग चालवणारा प्रत्येकाला त्याच्या जिवाची खुशाली विचारतो. सुगंधाबाई त्या उघड्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी तेच विचारले.

"हरबाजी, जिवाचं कसं आहे?"

"प्रभूच्या कृपेनं बरं आहे," हरबाजी सवयीने बोलून गेले आणि त्यांनी खाली पाहिले.

"भिवा, तुझ्या जिवाचं?"

"बरं नाही, बाई," भिवा म्हणाला. "सकाळी मी दादाशी बोललोसुद्धा नाही. अजिबात बरं नाही."

सुगंधाबाई बाजूला झाल्या. "मग तू आधी जा."

त्याच्यामागून मसू आबा म्हणाले, "माझंही बरं नाही." हरबाजी म्हणाले, "माझंही खोटंच होतं, बाई." मग कोण कुणाच्या मागे गेले, ते कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

आजही रविवारी उपासनेआधी मंडळीतले कुणीतरी एक या कोपऱ्यात उभे असते आणि येणाऱ्याला विचारते, "जिवाचं कसं आहे?" बरे आहे म्हणणारे जरा थांबतात. बरे नाही म्हणणाऱ्याला वाट करून देतात आणि कारण विचारत नाहीत.

भिवा पुढे पुष्कळ जगला. त्याचे लग्न झाले, नातवंडे अंगाखांद्यावर खेळली. असे सांगतात, की शेवटच्या रविवारपर्यंत तो सगळ्यांच्या आधी आत जात असे.