सोमवारची भाकरी

आमच्या आळीतली वैदेही मोठी गुणी पोर. संधिवाताने सांधे आखडले, की आठवडाभर अंथरुणात पडूनच कॉलेजच्या वह्या भरी. प्राचार्य गुळवणीसर मात्र म्हणाले, “हजेरी कमी आहे. परीक्षेला बसता येणार नाही.”

त्या वेळी सर डब्यातली भाकरी खात होते.

“सर, आज सोमवार. उपास मोडलात?”

“छे गं, वीस वर्षांत एकही मोडला नाही. मधुमेह आहे ना, म्हणून भाकरी. महादेव चालवून घेतो.”

“मग त्याने भाकरी खाऊन केलेला उपास धरला, तसा तुम्ही माझा अंथरुणातला अभ्यास हजेरीत धरा.”

सर हसले. अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवून म्हणाले, “वह्या घेऊन ये. परीक्षेला बस.”

गुळवणीसर वैदेहीला पावले, तसे सगळ्या दुखणाईत लेकरांना पावोत.