धाकू चिताऱ्याची रंगीत चौकट

घाट उतरून खाली आलं की ओढ्याच्या काठाला एक गाव लागतं. तिथे धाकू चितारी नावाचा म्हातारा लाकडी खेळणी करायचा. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर लाखेचे रंग, आणि घोडा असो की पोपट, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जरासं हसू. त्याची एक सवय साऱ्या गावाला ठाऊक होती. रंग सुकला की तो खेळणं स्वतःच्या तोंडात धरून चघळायचा. रंग जिभेला लागला नाही, तरच ते दुकानात मांडायचा. लेकरं हाती येईल ते आधी तोंडात घालतात, मग आपण नको का घालून बघायला, असं त्याचं साधं म्हणणं. चाळीस वर्षं तो बदकं आणि पोपट चघळत आला होता.

त्याला हसणारे पुष्कळ होते, खेळणी घेणारे मात्र कमी होत चालले होते. गेल्या दोन जत्रांत तर खेळणी जशी नेली तशीच गोणीतून घरी परत आली. यंदाची जत्राही तशीच गेली, तर दुकानाला कुलूप लावून शहरात मुलाकडे राहायला जायचं, असं घरात ठरलं होतं. धाकूला शहराचं नाव काढलं तरी धाप लागायची.

त्याची सून शलाका शहरातून जत्रेसाठी गावी आली होती. ती हुशार. तिनं एक तोड काढली. पिवळ्या, हिरव्या, निळ्या, तांबड्या घरांची एक लहानशी चौकट तिनं मोबाइलवर तयार केली.

"बाबा, ही चौकट खेळण्यावर लावायची. कुणी तिच्यावर मोबाइल धरला की तुमचं चलचित्र दिसेल. तुम्ही घोडा कसा घडवता, कसा रंगवता, सगळं. आणि आत काय दाखवायचं ते आपल्याला हवं तेव्हा बदलताही येतं."

धाकू खूश झाला. पण छापील कागद चिकटवायला तो काही तयार होईना. "माझ्या घोड्याच्या पोटाला कागद? शोभतं का गो?" म्हणाला, आणि पुठ्ठ्यात भोकं पाडून छाप कापला आणि चौकट स्वतःच्या हातानं रंगवायला बसला. चिताऱ्याचाच हात तो, चौकट सुरेख उतरली. पण मोबाइल काही ती वाचेना. धाकूचा लाखेचा तांबडा पडला जुन्या वळणाचा, काळपट. मोबाइलला तो तांबडा वाटतच नव्हता.

जत्रा चार दिवसांवर आलेली. धाकू बाजारात गेला आणि डब्यातला झगझगीत तांबडा घेऊन आला. तो लावताच मोबाइलनं चौकट झटकन वाचली. मग काय, सासरा-सुनेनं रात्रीचा दिवस केला आणि दोनशे खेळण्यांच्या पोटांवर चौकटी काढल्या. त्या घाईत एकही खेळणं तोंडात धरून बघायचं राहून गेलं.

जत्रेत नुसती झुंबड उडाली. लोक घोड्याच्या पोटावर मोबाइल धरत आणि म्हाताऱ्याचे हात चालताना बघून हरखून जात. दोन दिवसांत खेळणी संपत आली. धाकू मनातल्या मनात पुढच्या वर्षीचे पोपट रंगवू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुगंधा नावाची शेजारच्या गावची बाई आली. कडेवर वर्षाची लेक, लेकीच्या हातात घोडा.

"तात्या, काल ही चौकट दिसत होती. आज मोबाइल काही दाखवतच नाही बघा."

धाकूनं घोडा उलटा केला. चौकटीतली तांबडी घरं पुसून गेली होती. त्यानं मान वर करून पाहिलं, तर लेकीचे ओठ तांबडे झालेले. धोतराचा सोगा भिजवून त्यानं आधी त्या लेकराचं तोंड पुसलं आणि मग मायलेकींना घेऊन तो तडक डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी लेकीला तपासलं. "हिला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण असला रंग लेकरांच्या पोटात जाता कामा नये."

तो घोडा आपल्याकडेच ठेवून घेऊन धाकू परतला तो पार खचून. शलाका हळूच म्हणाली, "बाबा, जे तक्रार घेऊन येतील त्यांना गुपचूप बदलून देऊ. सगळ्यांना कशाला सांगायचं? दोन वर्षांनी आत्ता कुठे आपलं नाव होतंय. लोक बिथरले तर पुन्हा कुणी फिरकायचं नाही."

दुकान जाईल, हे धाकूला दिसत होतं. मुलाच्या घरातली खिडकीजवळची खाटही दिसत होती. पण ते तांबडे ओठ काही डोळ्यांपुढून हलेनात.

"बाय, चौकटीच्या आत काय दाखवायचं ते बदलता येतं, असं तूच म्हणाली होतीस ना? मग आत्ताच बदल," तो म्हणाला.

मोबाइलसमोर बसून त्यानं हात जोडले. "मी धाकू चितारी. माझ्या हातून चूक झाली. खेळण्याच्या पोटावरचा तांबडा रंग मी पारखून घेतला नाही. लेकराच्या हातातून ते आधी काढून घ्या, आणि मला परत आणून द्या." ज्यांच्या चौकटी पुसल्या गेल्या होत्या त्यांच्यापर्यंत हे पोचावं, म्हणून देवळाच्या कर्ण्यावरूनही त्यानं तेच सांगितलं.

शलाकाचे डोळे भरून आले. "चूक माझीही आहे, बाबा. चौकटीचे रंगसुद्धा आपल्याला हवे ते घेता येतात. तांबडा वगळून तुमच्या रंगांची चौकट करायला हवी होती. मी उलट तुम्हालाच रंग बदलू दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं येऊ लागली. काही रागावून बोलली, काही न बोलता खेळणं ठेवून गेली. धाकू खाली मान घालून एकेक तांबडं घर खरवडत होता. आता सगळं संपलं, असंच त्याला वाटत होतं.

इतक्यात समोर सुगंधा येऊन उभी राहिली. तिच्याकडे बघायचं धाकूला धाडस होईना.

"तात्या, घोडा तेवढा नीट करून ठेवा. ही रात्रभर त्याच्यासाठी रडली," ती म्हणाली. "मला बाजार करायचाय. तोवर हिला सांभाळाल ना?"

आणि उत्तराची वाट न बघता तिनं लेक धाकूच्या मांडीवर ठेवली आणि ती गर्दीत निघून गेली. लेकीनं म्हाताऱ्याची मिशी घट्ट धरली. धाकू एका हातानं तिला सावरत होता, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होता. रांगेतली रागावलेली माणसं ते बघत उभी राहिली, आणि त्यांतला एकजण म्हणाला, "सावकाश होऊ द्या तात्या, आम्ही थांबतो."

तात्पर्य: ज्या तोंडानं आपल्या मालाची वाहवा केली, त्याच तोंडानं त्याचा दोषही सांगावा; लोक विश्वास टाकतात तो अशाच माणसावर.