उरलेली उडी

एका राज्याचा घेर चाळीस हात होता, कारण ते राज्य म्हणजे एक विहीर होती. पाणी मुबलक, डास त्याहून मुबलक. तिथल्या बेडकांना तक्रारीला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांनी ती कधी शोधलीही नव्हती.

कायदा एकच: जे मोजलेलं नाही, ते बोलायचं नाही. मोजणी कारभारी डबरोजींकडे होती. ते रोज सकाळी भिंतीकडेने पोहत घेर मोजत आणि चाळीस भरले की समाधानानं पोट फुगवत. एकोणचाळीस कधी भरले नव्हते, पण वेळ काही सांगून येत नाही.

अशा राज्यात चंपूबाई नावाच्या म्हाताऱ्या बेडकीनं समुद्र आणला. पाहिला नव्हता हो कुणीच! दुपारी कामं उरकली की सगळे तिच्याभोवती खालच्या पायरीवर जमायचे. ती ओरडायची, "लाट आली!" की सगळे एकदम उंच उडायचे आणि धपाधप पाण्यात पडायचे. वर आल्यावर म्हणायचे, "अगं बाई, केवढी होती!" आणि पुन्हा पायरीवर.

हे डबरोजींच्या कानावर गेलं. त्यांनी त्याच पायरीवर दरबार भरवला. शिक्षा ठरलेली होती: बाईला पोहऱ्यात बसवून विहिरीबाहेर पाठवायचं. वर रखरखीत ऊन होतं आणि बगळे होते. पोहऱ्यातून वर गेलेलं कुणी परत आलं नव्हतं.

"समुद्र किती हात?" डबरोजींनी विचारलं.

"मोजला नाही, कारभारी."

"पाहिला तरी?"

"छे हो!"

"मग ही थेरं कशाला? इथे काय कमी आहे?"

"कमी कुठंय? सोन्यासारखी विहीर आहे." चंपूबाईनं मागचे पाय पुढे ताणून दाखवले. "पण देवानं पाय दिलेत हे एवढाले. उडी अर्धी होते न होते तोच समोर भिंत. उरलेली उडी कुठे मारू?"

डबरोजी भडकले. शिपाई बाईला पोहऱ्याकडे ढकलू लागले. एवढ्यात गर्दीतून कुणीतरी, भीतीनं की खोडीनं कोण जाणे, ओरडलं, "लाट आली!"

सगळे उडाले. शिपाईही उडाले. आणि सगळ्यांच्या वर, पार वरच्या कपारीपर्यंत, डबरोजी उडाले. धप्प!

बराच वेळ ते वर आलेच नाहीत. मग पाण्यातून हळूच त्यांचं डोकं निघालं. डबरोजींनी ओठांवरून जीभ फिरवली आणि ते हळूच म्हणाले,

"खारट आहे हो, बाई."