झाकणावरचा विस्तव

ऐका शेगडीमाई, तुझी कहाणी. हातात तांदळाचे सात दाणे घ्या गं बायांनो, मुठी झाका, आणि मधेमधे हुंकार द्या. डुलक्या काढणारीला वशाचं फळ मिळत नाही, मग मला बोल लावायचा नाही.

आटपाट नगर होतं. नगराच्या कडेनं खाडी होती. खाडीकाठी एक घर होतं, घरात दोन भाऊ होते. थोरल्याची बायको अंबू, धाकट्याची बायको आवडी. सासरा गेला आणि वाटण्या झाल्या. थोरल्याच्या वाट्याला माजघर आलं, स्वयंपाकघर आलं, स्वयंपाकघरातली चूल आली. चूल कसली, घरची राणीच! तिला दोन बाजूंना दोन वैल. मधे भात रटरटावा, एका वैलावर वरण शिजावं, दुसऱ्यावर दूध तापावं. धाकट्याच्या वाट्याला आली पडवी. पडवीवर गवताचं छप्पर. तिथं चूल मांडावी तर ठिणगी उडून घर पेटायचं. मग काय करावं? माळ्यावर एक शेगडी पडली होती. लोखंडी, तीन पायांची, एक कान तुटलेली, वीतभर. ती थोरलीनं काढून दिली. म्हणाली, "घे गं आवडे, तुझं राज्य."

धाकटा गलबतावर खलाशी. एकदा शीड उभारलं की महिना महिना घर बघायचा नाही. पडवीत राहिल्या दोघीच, आवडी आणि तिची सहा वर्षांची लेक ठकू.

आता आवडीचा हात पडला मोठ्या चुलीचा. ती शेगडीवर चार पदार्थ करायला बसली. आधी भात ठेवला. भात उतरवून वरण ठेवलं. वरण उतरवून भाजी ठेवली. भाजी होईतो भात गार, वरण गार, कोळसे राख. शिवाय जिवाला घाई. घटकेत दहा वेळा झाकण उघडून बघायची, शिजलं का, शिजलं का. अशानं काय शिजणार, कपाळ? भात वरून कच्चा, खालून करपलेला. ठकू एक घास खायची, दुसरा तोंडात घोळवायची, तिसरा ताटात ठेवायची.

पलीकडून थोरलीच्या फोडणीचा वास यायचा. पहिल्या दिवशी ठकू काकूकडे जेवली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी जेवली, आणि दिवेलागणीला परत आली. तिसऱ्या दिवशी आलीच नाही. थोरलीला मूलबाळ नव्हतं. लेकरू मांडीवर बसलं, गळ्यात हात घातले, तिला सोडवेना. आवडी न्यायला गेली. थोरली म्हणाली, "राहू दे की इथंच. शेगडीवर का लेकराचं पोट भरतं? ज्या दिवशी त्या तुझ्या शेगडीवर नैवेद्याचं धोंडस होईल ना, खालून खरपूस, वरून तांबूस, त्या दिवशी ने तुझी लेक."

धोंडस म्हणजे काय, ते ठाऊक आहे ना? भाद्रपदात पिकून पिवळं पडलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, ती किसायची. त्यात तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालायचं, आणि भाजायचं. खाली आच, झाकणावर निखारे. निखारे असे भरपूर हवेत की झाकण दिसता कामा नये. वीतभर शेगडीत खालच्यालाच कोळसे पुरेनात, वर कुठले आणायचे? थोरलीला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच बोलली. आणि आवडीलाही ठाऊक होतं. ती पडवीत आली, शेगडीपाशी बसली, पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली.

तितक्यात वाटेनं एक म्हातारी आली. डोईवर कोळशाची पाटी, हात काळे, पाय काळे, दात तेवढे पांढरे. म्हणाली, "बाई, बाई, कां रडतेस?" "म्हातारे, तुला सांगून काय होणार?" "होईल ते होईल, सांग तरी." मग आवडीनं सगळं सांगितलं. चूल गेली ते सांगितलं, भात कच्चा राहतो ते सांगितलं, लेक गेली ते सांगताना पुन्हा रडली.

म्हातारी म्हणाली, "बाई, तू शेगडीमाईचा वसा घे."

"तो कसा घ्यायचा?"

"भाद्रपदातल्या शुक्रवारी घ्यावा. शेगडी घासावी, पुसावी, हळदकुंकू वाहावं. एकच आच लावावी. एकच भांडं चढवावं. भांड्यात भांडं ठेवावं, म्हणजे एका वाफेवर दोन पदार्थ होतात. झाकण एकदा ठेवलं की वास येईपर्यंत उघडू नये. आणि दाराशी कुणी विस्तव मागायला आलं तर नाही म्हणू नये. असे तीन शुक्रवार करावेत, तिसऱ्याला धोंडसाचा नैवेद्य करून उजवावं."

आवडी चपापली. त्या नगरात रीत अशी होती, की चुलीतला विस्तव रात्री राखेखाली झाकायचा, सकाळी फुंकून काढायचा. कुणाचा विझला तर शेजारणीकडून मागून आणायचा. पण नैवेद्य व्हायच्या आत कुणी विस्तव बाहेर देत नसे. दिला तर देवी पाठ फिरवते म्हणत. आवडी म्हणाली, "अगं म्हातारे, नैवेद्याआधी विस्तव कसा द्यायचा? देवी कोपेल."

"देवीला थंडी वाजत नाही. माणसाला वाजते. घ्यायचा तर घे वसा, पण उतशील, मातशील, मधेच टाकशील." "उतणार नाही, मातणार नाही, मधेच टाकणार नाही." म्हातारीनं पाटीतले ओंजळभर कोळसे पायरीवर ठेवले आणि ती निघून गेली.

पहिला शुक्रवार आला. आवडीनं शेगडी लखलखीत केली. पातेल्यात तांदूळ वैरले, वर डाळीची वाटी ठेवली, वाटीवर भोपळ्याच्या फोडी ठेवल्या. झाकण ठेवलं. हात शिवशिवले, ते मांडीखाली दाबून बसली. मग वास आला. उघडून बघते तर भात मोकळा, डाळ मऊ, फोडी जिथल्या तिथं. एका आचेवर तिन्ही पदार्थ झाले! पण ताटात दुसरं कुणी नव्हतं. एकटीनं चार घास खाल्ले, बाकीचं दाराशी आलेल्या गोसाव्याला वाढलं.

दुसरा शुक्रवार आला. भांडं चढवलं, झाकण ठेवलं. तोच दारात ठकू उभी. "आई, काय शिजतंय? झालं का?" आईच ती, तिला राहवेल कसं? "बघू हं, बघू," म्हणाली आणि उघडलं झाकण. वाफ भस्सकन गेली, कोळसा मंदावला, भात राहिला कच्चट. ठकूनं दोन घास खाल्ले, म्हणाली, "काकूकडे जाते." आणि गेली. आवडीनं कपाळ बडवून घेतलं. शेगडीपुढे नाक घासलं, म्हणाली, "माये, चुकले. पुन्हा असं व्हायचं नाही."

तिसरा शुक्रवार उजाडायचा होता. पहाटे खाडीला उधाण आलं. असं उधाण कुणी पाहिलं नव्हतं. पाणी बांध ओलांडून गल्लीत आलं, घराघरांत शिरलं. चुली सगळ्या जमिनीत बसवलेल्या, त्या कुठं जातात? पाण्याखाली गेल्या. राखेखाली झाकलेला विस्तव चर्रकन विझला. आवडीनं काय केलं? राखेखालच्या विस्तवासकट शेगडी उचलली, बाजेवर ठेवली. संपलं काम! वीतभर वस्तू, पण तिला पाय होते, कान होता. चुलीला कोण उचलणार?

उजाडलं. पाणी ओसरलं. सगळ्या नगरात चिखल, आणि विस्तव उरला एका पडवीत. ते आवडीला काय ठाऊक? तिला आपलं धोंडस दिसत होतं. तवसं किसून ठेवलं होतं. रवा तुपावर परतला, गूळ घातला, खोबरं घातलं, चिमूटभर मीठ, वेलची. पातेल्याला केळीचं पान लावलं, वर मिश्रण ओतलं. पहिल्या शुक्रवारपासून एकेक कोळसा फळीवर राखून ठेवलेला, तो सगळा पेटवला. थोडा खाली ठेवला, बाकीचा झाकणावर रचला. झाकण दिसेनासं झालं. म्हणाली, "माये, आज माझी लेक दे."

तोच दाराशी सोनाराची सून आली. कडेवर दहा दिवसांचं लेकरू, ओठ निळे. "बाई, विस्तव आहे का गं? बाळाला शेक द्यायचाय." आवडीनं झाकणाकडे बघितलं. बाळाकडे बघितलं. चिमट्यानं निखारे उचलले, करवंटीत घालून दिले. झाकणाचा एक कोपरा उघडा पडला.

मग परटाचा म्हातारा आला. काठी टेकत, धापा टाकत. "पोरी, म्हातारीला हिव भरलंय. काढा उकळायचाय." आवडीनं निखारे उचलले, करवंटीत घातले. झाकण अर्धं उघडं पडलं. गुळाचा वास येईना. तिला वाटलं, देवीनं पाठ फिरवली.

मग कोण आलं? थोरली जाऊ आली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, केस सुटलेले. पायरीवर पदर पुढे धरून उभी राहिली, वर बघेना. म्हणाली, "आवडे, चूल विरघळली गं. विस्तव नाही. ठकू सकाळची भिजलीय, कुडकुडतेय, पोटात काही नाही."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतंत? खरं सांगा हं, मुठीत दाणे आहेत! आवडीच्या मनात आलं, नाही म्हणावं. आज तिच्याकडे चूल नाही. विस्तव दिला नाही तर लेकरू आपोआप इकडे येईल. आणि दिला तर धोंडस कच्चं राहील, लेक तिकडेच राहील. "जाऊबाई..." इतकंच बोलली. मग तिला ठकूचे गार पाय आठवले, रात्री पोटाशी घ्यायचे ते. म्हणाली, "पदर कशाला धरताय, भाजेल. थांबा." झाकणावरचे उरलेले सगळे निखारे तिनं करवंटीत भरले आणि थोरलीच्या हातात दिले. थोरली पळतच गेली.

झाकण उघडं पडलं. वर एक ठिणगी नाही. आवडी शेगडीपुढे बसली. एकदा मनात आलं, उघडून बघावं, काय वाचतंय का. हात पुढे गेला. मग तो मांडीखाली दाबला आणि बसून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी उघडलं नाही.

मग काय झालं? सोनाराची सून आली. तिच्या हातात घमेलं, घमेल्यात रसरशीत निखारे. "बाई, एक घेतला, त्यावर करवंट्या पेटवल्या. बाळ रडायला लागलं बघ! हा घे तुझा विस्तव." तिनं झाकणावर ओतला. मग परटाचा म्हातारा आला. मडक्याच्या खापरात निखारे. "म्हातारीनं काढा घेतला, आणि मला शिव्या दिल्या. बरी आहे!" त्यानं झाकणावर ओतला. झाकण दिसेनासं झालं. गूळ वितळल्याचा वास आला, खोबऱ्याचा आला, केळीच्या पानाचा आला. वास गल्लीतून गेला, चिखलावरून गेला.

त्या वासामागून ठकू आली. कोरडं परकर-पोलकं, गरम हात. मागून थोरली आली, तिच्याही हातात निखाऱ्यांची परात. थोरली म्हणाली, "एवढी माझी चूल, एवढे माझे वैल! शेवटी परातीत शेगडीच मांडावी लागली मला मेलीला. कसं गं जमवतेस तू? फुंकून फुंकून डोळे गेले माझे." निखारे झाकणावर ठेवले आणि खाली बसली. मग म्हणाली, "आवडे, मी तुझं लेकरू वासानं ओढलं. चुकलं माझं."

आवडी म्हणाली, "उघडा तुम्हीच, जाऊबाई. वास आलाय."

थोरलीनं पदरानं झाकण उचललं. खालून खरपूस, वरून तांबूस, मधे मऊ. दोघी बघतच राहिल्या. आवडीनं पहिला तुकडा शेगडीला दाखवला, दुसरा सोनारणीला दिला, तिसरा परटाला. मग ताट मांडलं. ठकू उभीच. आईकडे बघते, काकूकडे बघते, पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरते. म्हणाली, "मी कुणाच्या ताटात बसू?"

थोरलीचे डोळे भरले. तिनं ठकूला हाताला धरलं, आवडीच्या ताटाशी बसवलं. म्हणाली, "आईच्या." आणि उठायला लागली. तशी आवडीनं तिचा हात धरला, आपल्या शेजारी दुसरं ताट मांडलं, म्हणाली, "आईच्या ताटात बसेल, आणि काकूच्या हातचा घास खाईल. बसा." थोरली बसली. ठकूनं धोंडस इतकं खाल्लं, की सांगायची सोय नाही.

जेवणं झाली, ताटं उचलली. आवडी पायरी धुवायला गेली, तर पायरीवर कोळशाची काळी पावलं. आत येणारी होती, बाहेर जाणारी नव्हती. तिनं ती धुतली नाही. त्यांवर हळदकुंकू वाहिलं. पुढे पडवीला कौलं आली, पण आवडीनं चूल मांडली नाही. थोरलीनंही नव्या चुलीशेजारी एक शेगडी ठेवली, आणि नगरात नवी रीत पडली: नैवेद्याचं भांडं चढवायचं, आणि आधी दाराशी बघायचं, कुणाला विस्तव हवा आहे का.

तर बायांनो, जशी शेगडीमाई आवडीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्यांच्या घरी मोठी चूल, त्यांना पावो. ज्यांच्या घरी वीतभर आच, त्यांना आधी पावो. कुणाचं लेकरू दुसऱ्याच्या फोडणीच्या वासाला उठून न जावो. आता मुठी उघडा, दाणे शेगडीवर वाहा. साठा उत्तरांची ही कहाणी, एका आचेवर शिजली, पाचा उत्तरांत वाढली, सुफळ संपूर्ण झाली.